बटरपेपरवरची गल्ली

घाडीबाईंच्या शिवणक्लासात नाव घातलं की पहिले आठ दिवस कात्री दृष्टीसही पडायची नाही. नुसतं कापड. ते मांडीवर घ्यायचं, चिमटीत धरायचं, उलट-सुलट करून बघायचं. "आधी हात लावून बघ," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि आठ दिवस तेच. मी मुळातली उतावळी. चौथ्या दिवशी म्हटलंच, "बाई, कापड ते कापड, हात लावून काय कळणार?"

"नवरा बघताना नुस्तो फोटो बघून हो म्हटलंस काय गो?"

अख्खा क्लास खिदळला. मी खरंच फोटो बघून हो म्हटलं होतं, त्यामुळे कापड परत मांडीवर घेतलं.

मी लग्न होऊन मुलुंडला आले ती ऐंशीच्या दशकाची सुरुवात. स्टेशनपासून बरंच आत, डोंगराच्या अंगाला आमची गल्ली. बैठ्या चाळीच्या दोन रांगा समोरासमोर, मधे जेमतेम दहा फुटांचा रस्ता, टोकाला विहीर. आमची रांग पश्चिमेची, घाडीबाईंची पूर्वेची. प्रत्येकाला पुढे ओटा, मग बाहेरची खोली, मागे स्वयंपाकघर नि मोरी. बाईंची बाहेरची खोली म्हणजेच क्लास. खिडकीशी दोन मशिनी, दिवसभर उजेड. त्या उजेडावर त्यांचं घर चालायचं, कारण त्यांचे मिस्टर, घाडीकाका, गिरणीच्या संपापासून घरीच होते. काका आत स्वयंपाकघरात बसून काजं करायचे. दार लोटून. आयुष्यभर माग चालवलेला माणूस, ब्लाउजची काजं करताना कुणी बघू नये असं त्यांना वाटायचं. काजं मात्र अशी सुबक, की दादरच्या बायका विचारायच्या, कुठल्या मशीनवर करता?

बाई दिसायला काडी. गळ्यात टेप कायम, लग्नाला गेल्या तरी. पदराच्या टोकाला दोरा ओवलेली सुई. तोंडात टाचण्या. टाचण्यांतून बोललेलं समजायला आम्हाला महिना लागायचा, आणि तोवर शिव्याही समजायला लागायच्या. रस्त्याने कुणी गेलं की बाई नकळत पुटपुटायच्या, "छत्तीस... अडतीस... खांदा उतरता." माझ्या सासऱ्यांचा खांदा उतरता आहे हे मला लग्नानंतर बाईंकडूनच कळलं. रागावल्या किंवा घाबरल्या की मालवणी बाहेर यायची. एरवी मुंबईचं मराठी, चटचट, कात्रीसारखं.

शहराचा नवा आराखडा आलाय, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा कुणी आणली ते आठवत नाही. पण दोन दिवसांत प्रत्येक ओट्यावर वेगळा आराखडा तयार होता. कुणी म्हणे बाग होणार, कुणी म्हणे हायवे, कुणी म्हणे अख्खी गल्ली उडणार, वाट लागली. माझे सासरे शाळेत हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांनी पेपरची घडी घातली आणि जाहीर केलं, "हे कागद जन्मभर कागदच राहतात. मी फायली बघितल्यात." त्यावर आमच्या रांगेला हायसं वाटलं. घाडीबाईंना नाही वाटलं. त्या मला म्हणाल्या, "तुला वेळ आहे ना उद्या? चल माझ्याबरोबर. बघून येऊ."

वॉर्ड ऑफिसात एका खोलीच्या भिंतीवर नकाशे टांगलेले. त्यांच्यापुढे माणसं दहावीचा निकाल बघायला उभी राहावीत तशी, माना उंच करून. कुणालाच काही कळत नव्हतं. पिवळं, हिरवं, निळं, नि कोळ्याच्या जाळ्यागत रेघा. एक जण बराच वेळ घाटकोपरच्या नकाशात मुलुंडचं घर शोधत होता. बाईंनी चष्मा लावला आणि सरळ बोट टेकवलं.

"ओ बाई, हात लावू नका," टेबलामागचा क्लार्क ओरडला.

"हात न लावता कळणार कसं?"

त्याने वर बघितलं. बाईंनी त्याच्या शर्टाकडे बघितलं. दुसरं बटण दोऱ्याला लोंबत होतं. "उठा," त्या म्हणाल्या, पदराची सुई काढली आणि तो नको नको म्हणेपर्यंत बटण टाचून दोरा दातांनी तोडला. मग त्याला प्रश्न विचारायला लागल्या. आत्ता जे आहे ते कुठल्या रेघेने दाखवलंय? पुढे होणार ते कुठल्या? एका इंचात किती फूट? हरकत घ्यायची तर कुठे, कशी, कधीपर्यंत? बिचाऱ्याने सगळं सांगितलं. पिवळं म्हणजे राहायची जागा, हिरवं म्हणजे मैदान-बाग, तुटक लाल रेघ म्हणजे व्हायचा रस्ता. हरकत लेखी, महिनाअखेरपर्यंत, आणि पोच घ्यायला विसरू नका. आजवर त्याला कुणी असं नीट विचारलंच नसावं. शेवटी आमच्या भागाचा मोठा नकाशा त्याने आपणहून टेबलावर पसरला.

त्यात आमची अख्खी गल्ली माझ्या करंगळीएवढी. दोन रांगा, टोकाला विहिरीचा गोल, आणि एका रांगेवरून गेलेली तुटक लाल रेघ. बाईंनी पिशवीतून बटरपेपर काढला, नकाशावर ठेवला, आणि झंपराचा नमुना उतरवावा तसं पेन्सिलने सगळं उतरवून घेतलं. तेवढ्यात क्लार्कची जेवायची वेळ झाली. "नावं घरी जाऊन लिहा, बाई." बाईंनी कागदाची गुंडाळी केली आणि आम्ही निघालो. कुठली रांग ते मी विचारलं नाही. बाईच सांगतील म्हटलं. मला नकाशातलं ओ की ठो कळलं नव्हतं, हे कबूल करायची लाज वाटत होती.

संध्याकाळी बाईंनी गुंडाळी उलगडली, नावं घातली, आकडेमोड केली. मग मार्किंगचा खडू घेऊन स्वतःच्या ओट्याच्या कडेपासून दहा फूट मोजले आणि जमिनीवर आडवी रेघ मारली. ओटा गेला, बाहेरची खोली गेली, दोन्ही मशिनी गेल्या. उरलं स्वयंपाकघर आणि मोरी. काका रेघेवर पाय पसरून बसले होते, त्यांनी पाय आत ओढून घेतले.

"इथपर्यंत रस्ता," बाई म्हणाल्या. "आपली रांग."

पूर्वेच्या चौदा घरांतून त्यांना बोलावणी आली. त्या घरोघर जाऊन रेघ मारत सुटल्या, म्हणजे प्रत्येकाला आपलं किती जातंय ते नकाशात नाही तर पायाखाली दिसावं. कुणाचा देव्हारा रेघेच्या पलीकडे, कुणाचा बाळंतिणीचा पलंग. आमच्या रांगेत मात्र मोकळा श्वास. सासरे म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी भलतंच म्हटलं होतं, पण त्या दिवशी ते चाललं. खरं सांगते, मलाही बरंच वाटलं. बाईंच्या खोलीत बसून मी काठाला दुमड घालायची आणि मनात म्हणायची, सुटलो बाई आपण. मग लाज वाटून दोन टाके उसवायची.

त्यानंतर एका दुपारी बाईंचा दरवाजा क्लासाच्या वेळेला बंद होता. आत पूर्वेच्या रांगेची मीटिंग. तावडे म्हणून त्यांच्यातले पुढारी, युनियनमध्ये भाषणं केलेले, त्यांनी अर्ज लिहिला. पहिली सही बाईंची. अर्ज देऊन पोचही आणली. आत काय लिहिलंय ते आमच्या रांगेला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पण बाई बदलल्या. छत्तीस-अडतीस पुटपुटणं बंद. एकीच्या झंपराला गळा मागे लावला, बाईंनी! मशीन चालवताना मधेच पाय थांबायचा आणि त्या खिडकीकडे बघत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "खिडकी गेली तर सुईत दोरा कसा ओवू गो मी?" मी चहा करू का, विचारलं.

मुदत संपायला तीन दिवस होते. क्लासात मंदा नावाची एक धांदरट मुलगी होती, तिने पहिलाच छापील कापडाचा झंपर कापला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापून बसली. नवशिक्या हे हमखास करतात. बाहीचा कागदी नमुना एकदा सुलट आणि एकदा पालथा ठेवायचा असतो, तेव्हा उजवी-डावी होते. बाईंचा पारा चढला.

"किती वेळा सांगितलं! पेन्सिल दोन्हीकडून दिसते म्हणून कागद कसाही ठेवायचा काय? बटरपेपर पालथा पडला की डाव्याचं उजवं..."

आणि त्या थांबल्या.

तोंडातल्या टाचण्या त्यांनी एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. मग ट्रंकेतून ती गुंडाळी काढून खिडकीच्या काचेवर धरली. ह्या बाजूने बघितलं. पालथी करून बघितलं. दोन्हीकडून गल्ली तश्शीच. दोन रांगा, टोकाला विहीर. फरक एवढाच, की लाल रेघ एकदा ह्या रांगेवर, एकदा त्या रांगेवर.

"आज क्लास पुरे," त्या म्हणाल्या. "घरी जा सगळ्या. तू थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वॉर्ड ऑफिसात पहिल्या. क्लार्कने नकाशा पसरला, बाईंनी नावं लिहिलेली बाजू वर करून कागद त्यावर ठेवला. विहीर विहिरीवर आणली की रेघ जुळेना, रेघ जुळवली की विहीर भलत्या टोकाला. मग त्यांनी कागद पालथा केला. बसला. रेघेवर रेघ. आमची रांग. माझं घर.

मी खुर्चीत बसले. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. बाहेर जिन्यात आल्यावर म्हणाल्या, "अजून एक आहे. तावड्यांच्या अर्जात शेवटी एक वाक्य आहे. रस्ता रुंद करायचाच असेल तर समोरच्या बाजूने करावा, तिथले ओटे मोठे आहेत. त्याखाली सही केली मी. पहिली. भ्याले होते गो."

म्हणजे आमच्यावर रेघ होतीच, आणि समोरच्या चौदा घरांनी सही करून वर सांगितलं होतं, हो, तिथूनच न्या. मला असा राग आला! ज्या बाईच्या मांडीशी बसून मी काठ दुमडत होते त्या बाईने माझं घर लिहून दिलं होतं. घरी येईपर्यंत मी झपाझप पुढे चालत राहिले. त्या माझ्या मागून दहा पावलं अंतर ठेवून चालत होत्या.

संध्याकाळी त्यांनी आधी आपल्या रांगेला सांगितलं. तावड्यांचा चेहरा उजळला. "मग झकासच झालं की! आता तोंड उघडू नका, बाई. आपण वाचलो ना? दोन दिवस गप्प बसा, मुदत संपेल."

"तावडे, सही तुमची माझ्या खाली आहे," बाई म्हणाल्या. "वर मी आहे."

आणि त्या गल्ली ओलांडून आमच्याकडे आल्या. टेप गळ्यात, खडू हातात. सासरे पलंगावर पेपर वाचत होते. बाईंनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. कागद पालथा पडल्याचं आणि त्या वाक्याचंसुद्धा. मग विचारलं, "रेघ मारू?" सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला, तेव्हा ओट्यापासून दहा फूट मोजून रेघ मारली. ती सासऱ्यांच्या पलंगाखालून बरोबर मधोमध गेली.

"हे कागद..." सासऱ्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. मग एकदम कडाडले, "तीन आठवडे आम्हाला गाढ निजवलंत तुम्ही! नकाशा वाचता येत नव्हता तर कशाला मिरवलंत?"

"माझ्या हातान झालां ह्यां," बाई म्हणाल्या. एवढंच. सासरे बोलत राहिले, त्या ऐकत राहिल्या. आमच्या रांगेच्या चौदा घरांत चौदा वेळा ऐकून घेतलं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याच दारात. "तुझं अक्षर चांगलं आहे. अर्ज लिहायचाय."

मी म्हटलं, "तावड्यांना सांगा."

"ते लिहिणार नाहीत. तू माझ्यावर राग धर, पण लिही. राग पुढच्या आठवड्यातही धरता येईल, मुदत उद्या संपते."

लिहिला. त्यात बाईंची चूक पहिल्याच परिच्छेदात, आधीच्या अर्जाचा नंबर घालून. मग मागणी. मला वाटलं, रस्ताच नको म्हणतील. पण बाई म्हणाल्या, "रस्ता लागतो गो. आगीचा बंब येत नाही आत, परवा आजारी माणूस खाटेवरून न्यायला लागला. रस्ता होऊ दे. पण झंपर सैल झाला तर एकाच शिवणीतून आत घेतात काय? गळा तिरका जातो. दोन्ही बाजूंनी सारखा घ्यायचा." दोन्ही रांगांकडून पाच-पाच फूट. ओटा आणि आत दोन फूट. कुणाचंच घर जात नव्हतं. पण पूर्वेच्या रांगेचं काहीच जाणार नव्हतं, त्यांना हे कोण सांगणार?

सांगितलं बाईंनीच. आमच्या रांगेच्या चौदाही सह्या झाल्या. त्यांच्या रांगेच्या चार. तिसरी काकांची. काकांनी पेन हातात घेऊन खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "मशिनीक उजेड रवाचो नाय गो."

"नाय तर नाय."

अर्ज शेवटच्या दिवशी गेला. क्लार्कने पोच दिली, दोन्ही अर्ज एकत्र टाचले, आणि हळूच शर्टाची बाही पुढे केली. उसवली होती.

सुनावणी झाली ती बऱ्याच महिन्यांनी. साहेबांनी अर्ज चाळला आणि बाईंना विचारलं, "तुमचं घर तर वाचतंय. तुम्ही कशाला आलात?"

"रेघ मीच उलटी काढली होती, साहेब."

साहेबांना काही समजलं नसावं. ते म्हणाले, नोंद घेतली. संपलं. मग पावसाळे गेले, आज कळेल उद्या कळेल करत. नवीन माणूस मोजमाप घ्यायला आला की गल्लीभर जीव टांगणीला. पूर्वेच्या रांगेतल्या मुली क्लासातून एकेक करून गेल्या. तावडे बाईंशी बोलेनासे झाले. बाई मात्र सहा-सहा महिन्यांनी ऑफिसात जाऊन नकाशा बघून यायच्या, आणि येऊन सांगायच्या, "अजून तसाच आहे." आता कागदाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, ही बाजू वर.

माझा राग कधी गेला ते कळलं नाही. बहुधा एखादी बाही लावताना गेला.

दशक संपत आलं तेव्हा आम्ही डोंबिवलीला जागा घेतली. मुलुंडची खोली सासऱ्यांनी एका नव्या जोडप्याला दिली. देण्याआधी नवी लादी बसवून घेतली. बाईंनी मारलेली रेघ पुसली गेली की सासूबाई दर वेळी परत मारायच्या, ती आता लादीखाली गेली. आराखड्याचं त्या जोडप्याला सासऱ्यांनी काही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कागद आहे तो. कागदच राहील." ह्यांनीही मान डोलावली. आणि मीही, जिची त्या अर्जातलं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं म्हणून जिन्यात आग आग झाली होती, ती मीही गप्प बसले. टेम्पो ठरला होता.

निघायच्या दिवशी बाईंना भेटायला गेले. भर दुपार, आणि आत ट्यूबलाइट लागलेली. मशिनी खिडकीशी नव्हत्या. ओट्यापासून पाच फूट मागे सरकवलेल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून. पुढची पट्टी रिकामी, स्वच्छ केर काढलेली, त्यात एक चप्पलसुद्धा नाही.

"ठरलं काही?" मी घाबरून विचारलं.

"नाय. पण जागा एकदम गेली तर ह्यांका जड जायत. आतापासून सवय." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "नव्या माणसांना सांगितलंत?"

मी लादीकडे बघितलं. त्यांच्या, आमच्या नव्हे.

टेप बाईंच्या गळ्यात होताच, त्यांनी खडू टेबलावरून उचलला. माझ्याआधी गल्ली ओलांडून आमच्या खोलीत शिरल्या. टेम्पोत पुढे बसलेले सासरे हाका मारत होते, चला, उशीर होतोय. खोलीत ती नवी मुलगी एकटीच होती, स्टोव्ह कुठे ठेवावा ते ठरवत. बाई गुडघ्यावर बसल्या. ओट्यापासून दहा फूट मोजून एक रेघ मारली. पाच फूट मोजून दुसरी. नव्या चकचकीत लादीवर.

"हे काय करताय?" ती मुलगी घाबरली. तिने माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी, हातात किल्ली.

"बस, सांगते," बाई म्हणाल्या. तिचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि खाली रेघेवर टेकवला. "आधी हात लावून बघ."